प्रतिसाद: तबला कडक म्हणजे ध्वनिमुद्रण उत्तम?

वर एकांनी लिहिलंय की तबला कडक वाजला की ध्वनिमुद्रण चांगलं. मला हे पटत नाही. ख्यालाच्या मुद्रणात आधी तानपुरा ऐका, तोही गायक श्वासाला थांबतो तिथे. त्या फटीत तानपुरा फुगून वर येत असेल आणि गाणं सुरू होताच दबत असेल, तर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारं साधन) जास्त लागलाय. जवारी (तानपुऱ्याच्या तारांचा झंकार) पाण्याखालून आल्यासारखी डुचमळत असेल, तर खरखर काढताना नाद खरवडला गेलाय. कमी बिटरेटच्या, म्हणजे जास्त आवळलेल्या, एमपी३मध्येही असंच होतं, म्हणून इंजिनियरला दोष देण्याआधी सीडी किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवलेली फाइल) ऐकाच.

मग डग्गा, म्हणजे जोडीतला खर्जाचा. मनगटाच्या दाबाने 'घे' या बोलाचा सूर चढतो, तो चढ कळला पाहिजे. नुसता धुम्म आवाज आला तर बहुधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक पुडीच्या, म्हणजे वरच्या चामड्याच्या, फार जवळ होता. असा माइक जवळ नेला की खर्ज आपोआप वाढतो. तबल्याच्या चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) 'ना' आणि मैदानातला (चाट आणि शाई यांच्या मधला) 'तिं' वेगळे ओळखू यावेत.

पेटी गायकाच्या माइकमध्येही शिरते. दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर पेटी पोकळ वाटते. हे तपासायला मोनो करून ऐका: स्टिरिओतला भरदार सूर मोनोत बारीक झाला तर फेजची गडबड आहे, म्हणजे दोन माइकमधल्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडतायत.

आणि दोन मुद्रणं ताडताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. १ डेसिबलने मोठं असलेलंही कानाला सरस वाटतं.