मामा तलावातला गाळ उपसण्याआधी नमुना काढून ठेवावा का?

पाळीवरून (धागा सुरू)
भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतला गाळ उन्हाळ्यात जेसीबीने निघतो आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पडतो. धानाला तो मानवतो, उपसा व्हायलाच हवा. पण पाण्यात आधी काय जगत होतं याचा पुरावाही त्यासोबत जातो. डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्मजीव. त्यातल्या काही जाती दिवस वाईट आले की जाड कवचाची सिस्ट करून तळाशी बसतात. नॉर्वेच्या ओस्लो फियॉर्डमध्ये (समुद्राच्या अरुंद खाडीत) सांडपाणी वाढलं तशी लिंगुलोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटची सिस्ट वाढली, पाणी सुधारल्यावर घटली. हे गाळाच्या थरांत वाचता आलं. म्हणून माझं म्हणणं, मशीन उतरण्याआधी प्रत्येक तलावातून निदान एक उभा नमुना घ्यावाच.

अडीच इंची पीव्हीसी पाइप सरळ ठोकायचा. उपटण्याआधी पाइपच्या आत गाळ किती खोल दिसतो आणि बाहेर किती, दोन्ही मोजायचं. आतला जास्त खोल असेल तर तेवढा गाळ दबला, आणि ते लिहून ठेवलं नाही तर पुढची सगळी खोली चुकते. वरून टोपण घट्ट लावूनच उपटायचा, नाहीतर खालचा गाळ सुटून पडतो. पाइप उभाच न्यायचा. एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापताना कडेचा गाळ खरवडून टाकायचा, कारण ठोकताना वरचा गाळ पाइपच्या भिंतीला घासत खाली उतरतो.

बोडीकाठ
भाऊ, फियॉर्डचं उदाहरण आपल्या बोडीला, म्हणजे छोट्या तळ्याला, लावू नका. तिथला तळ बारमाही पाण्याखाली असतो. आपल्याकडे मे महिन्यात कन्हार (काळ्या भारी) जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसात वरची माती त्या भेगांत उतरते, म्हणजे यंदाची सिस्ट अर्धा मीटर खाली सापडणार. त्यावर म्हशींचं लोळणं, शिंगाड्यासाठी तुडवलेला चिखल, तलावाच्या आटलेल्या पोटात धरलेलं पीक. अशा गाळात शिसं-210 ने (थरांचं वय सांगणाऱ्या किरणोत्सारी शिशाने) वय काढलं तर आकडा येईल, पण त्याला अर्थ नसेल. शिवाय उघड्या हवेत गाळ वाळला की नाजूक सिस्ट कुजतात. गोड्या पाण्यातल्या पेरिडिनियम, सेराशियम या डायनोफ्लॅजेलेटची कवचं बहुतेक टिकतच नाहीत. मग सिस्ट दिसली नाही यावरून तुम्ही काय ठरवणार?

त्यापेक्षा दर पंधरवड्याला जिवंत प्लवक मोजा. 20 मायक्रॉनच्या जाळीतून 50 लिटर पाणी ओतून 50 मिली उरवा. लगेच ल्युगोल (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) टाका, 100 मिलीला 1 मिली, रंग फिक्या चहासारखा आला पाहिजे. सेजविक-राफ्टर सेलमधला (मोजणीच्या खाचेच्या काचपट्टीतला) 1 मिली म्हणजे तलावाचं 1 लिटर पाणी. वेळ एकच ठेवा, सकाळी 8 ते 9. डायनोफ्लॅजेलेट दिवसभरात वरखाली पोहतात, आज सकाळी आणि पुढच्या वेळी दुपारी घेतलं तर तुलना गेली.

सूक्ष्मदर्शक
बोडीकाठ, तुमच्या पद्धतीतही एक भोक आहे. 20 मायक्रॉनच्या जाळीतून बारीक शैवाल निसटतं. त्यासाठी न गाळलेलं 1 लिटर पाणी ल्युगोल घालून 48 तास स्थिर ठेवा आणि वरचं पाणी नळीने हळू काढा. शैवालावरून प्रदूषण ठरवणाऱ्या पामरच्या सेंद्रिय प्रदूषण निर्देशांकात तर हमखास गफलत होते. त्यात शैवालाच्या 20 प्रजाती (genus) आहेत, युग्लेनाला 5 गुण, सिनेडेस्मसला 4, बेरीज 20 किंवा त्याहून जास्त म्हणजे प्रदूषण जास्त. पण मिलीलिटरला 50 पेशी असतील तरच प्रजाती धरायची. हे प्रमाण मूळ पाण्याचं. लोक हजारपट घट्ट केलेल्या नमुन्यात पाच-दहा पेशी दिसल्या की गुण देतात आणि स्वच्छ तलाव गलिच्छ ठरतो.

पाळीवरून
भेगांचा मुद्दा मान्य, कोरड्या पोटातला नमुना घेऊ नये. पण तुडुमाजवळचा, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाजवळचा, खोलगट भाग कित्येक तलावांत आटत नाही, मी तिथलंच म्हणतोय. तिथला नमुनाही उन्हात वाळवू नका, काळोख्या थंड जागी ओला ठेवा. आणि पंधरवड्याची मोजणी आजपासून सुरू होते. बांधीत युरिया येण्याआधीचं पाणी कसं होतं, हे तुमची जाळी सांगणार नाही.

सूक्ष्मदर्शक
मग फक्त सिस्टवर विसंबू नका. त्याच चकतीतले डायटम (सिलिकाच्या कवचाचं शैवाल) आणि डॅफ्निया या पाणपिसवेची अंडीपेटी बघा, गोड्या पाण्यात ती जास्त टिकतात. लोणारला मात्र डायटमवर भरवसा नको, 10 च्या आसपासच्या पीएचला सिलिका विरघळते. पाण्याच्या रंगावरूनही ठरवू नका. 2020 च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हा आधी शैवालाकडे बोट गेलं, पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत मिठात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव निघाले.

एक कळकळीची विनंती. सिस्ट वेगळी करायला गावच्या कॉलेजात हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरू नका. कातडीवर पडलं तर कधी कधी तासभर दुखतही नाही, आणि तोवर ते आत गेलेलं असतं. 125 आणि 20 मायक्रॉनच्या चाळण्यांतून गाळ धुवा, दोन्हींच्या मधे राहिलेला भाग स्लाइडवर घ्या. वाळूचे कण त्रास देतील, मोजणीला वेळ लागेल, पण कोणाचा हात जाणार नाही.

बोडीकाठ
न आटणाऱ्या भागातला नमुना असेल तर माझी हरकत नाही. पण एकाने भागणार नाही, तीन घ्या, दहा-दहा पावलांवर. तिघांत थरांचा क्रम जुळला तर गाळ ढवळलेला नाही असं धरेन. नाही जुळला तर वयाचा खर्च करू नका, तो पैसा ल्युगोल आणि जाळीला लावा.