'मदर गोज' बरोबर, मग 'फादर गो' चूक का?

प्रश्न :

आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. मुलगा सहावीत आहे. काल त्याची इंग्रजीची वही पाहिली. 'माय मदर गोज टू द फील्ड' यावर बरोबरची खूण आणि लगेच खालच्या ओळीत 'माय फादर गो टू द मार्केट' यावर लाल रेघ. 'ग्रँडमदर टेल्स' बरोबर, 'ग्रँडफादर सिट' चूक. शेरा काय, तर 'लक्ष दे'. पोरगा रडकुंडीला येऊन म्हणतो, लक्ष देऊनच लिहिलं होतं. कर्ता एकवचनी असला की क्रियापदाला 'एस' लावायचा, हा नियम त्याला तोंडपाठ आहे. तरी चुकतो. कसं समजावू?

उत्तर :

ताई, त्याने खरंच लक्ष देऊन लिहिलं आहे. त्याच्या मनातलं मराठी वाक्य काय असेल बघा. 'आई वावरात जाते', 'आजी गोष्ट सांगते'. आईला, आजीला आपण 'तू' म्हणतो, क्रियापद एकवचनी. पण 'बाबा बाजारात जातात', 'आजोबा बसतात'. माणूस एकच, पण मान द्यायचा म्हणून क्रियापद अनेकवचनी. पोराने 'जातात' ऐकलं आणि अनेकवचन समजून 'एस' काढून टाकला. त्याचा नियम पक्का आहे. बापाचा मान मात्र तो इंग्रजीत घेऊन गेला, आणि इंग्रजीत तिसऱ्या माणसाचा मान क्रियापदात राहत नाही. तिथे राजा असला तरी 'ही गोज'च.

म्हणून त्याला 'एकवचन' हा शब्द न सांगता मोजायला सांगा. बाबा किती? एक. मग 'गोज'. आजोबा, सर, मॅडम, डॉक्टर, सरपंच, ज्यांना आपण 'येतात' म्हणतो त्या सगळ्यांची आधी एक यादी करून घ्या. चुका नेमक्या तिथेच सापडतील.

आता तो विचारेल, मग समोर एकटा माणूस असताना 'यू आर' का? विचारलं तर शाबासकी द्या, कारण तिथे इंग्रजीतही आपल्यासारखाच मान होता. एकट्याला म्हणायचा शब्द 'दाऊ', आपला 'तू'. 'यू' मुळात अनेकांसाठी. मोठ्या माणसाला, एकटा असला तरी, 'यू' म्हणू लागले, जसं आपण 'तुम्ही' म्हणतो. पुढे 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेला, सगळेच 'यू' झाले आणि 'आर' तसाच चिकटून राहिला. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये 'दाऊ आर्ट' आहे, 'ही गोज'च्या जागी 'ही गोएथ' आहे. म्हणजे त्यांच्याकडेही क्रियापदाला बरेच प्रत्यय होते. झिजत झिजत वर्तमानकाळात हा एक 'एस' उरला.

त्या 'एस'चा दुसरा घोळ असा की नामाला लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक. 'बॉय प्लेज', 'बॉइज प्ले'. मी मुलांना सांगायचो, घोंगडी एकच आहे, एकाने पांघरली की दुसरा उघडा. 'डझ' आला की 'एस' त्याने पांघरला, म्हणून 'डझ ही गो', 'डझ ही गोज' नाही. (नावातच 'एस' असेल तर ही खूण चालत नाही. 'न्यूज इज' म्हणायचं.)

आणखी एकाचं उत्तर :

मी वरुडकडचा. लांब वाक्यात मुलं अडखळतात तिथे मराठीच कामी येते. 'द प्राइस ऑफ ऑरेंजेस इज लो.' क्रियापदाशेजारी 'ऑरेंजेस' दिसला की हात आपोआप 'आर' लिहितो. मी विचारतो, संत्र्यांचा काय पडला? भाव. 'संत्र्यांचा भाव पडला' असं म्हणतो ना, 'पडली' म्हणत नाही. मग तिकडेही भावच धरायचा.

एक गोष्ट मनापासून सांगतो. आपली पोरं व्याकरणात कच्ची नाहीत. 'मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, बोरं खाल्ली', खाणारा तोच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. हे चार वर्षांचं पोर न शिकवता बोलतं. आणि वऱ्हाडीत 'तो जाते', 'ते पोरगी जाते' असं एकच रूप चालतं, बायाही 'मी येतो' म्हणतात, त्याला कुणी अशुद्ध म्हणून हिणवू नये. इंग्रजीचे प्रत्यय झिजले तशीच आपल्या बोलीचीही रूपं एक झाली. घरच्या बोलण्यावरून टोकलेलं पोर इंग्रजीत तोंड उघडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

प्रश्न विचारणारी :

दोघांचेही आभार. रात्री यादी केली. अकरा नावं निघाली, त्यात किराणा दुकानवाले काकाही आहेत. मग दहा वाक्यं लिहिली. 'ग्रँडफादर कम' पुन्हा लिहिलं, थांबला, एक बोट वर केलं आणि स्वतःच 'कम्स' केलं. पण 'एव्हरीवन इज' त्याला पटत नाही. सगळे म्हणजे खूप जण ना, म्हणतो.

उत्तर :

ताई, 'एव्हरीवन'ला 'सगळे' शिकवू नका, 'प्रत्येक जण' शिकवा. 'सगळे आले', पण 'प्रत्येक जण आला'.