आयर्विन पुलाच्या वारसा नोंदीसाठी मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार. सांगलीचा आयर्विन पूल पाडावा की जपावा, यावरून आमच्या गल्लीत दोन तट पडले आहेत. आजच्या रहदारीला तो अपुरा पडतो, हे मलाही मान्य आहे. परंतु १९२९ पासून कृष्णेवर उभ्या असलेल्या ज्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आले हे विचारूनच आम्ही पावसाळ्यात धान्याची पोती माळ्यावर चढवतो (४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका), त्याला निव्वळ अडथळा कसे म्हणावे? एखादी वास्तू वारसा यादीत घेण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा आणि पुलाच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागताना नेमके काय लिहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.