रोल ‘धुवायला’ टाकला की ‘विकसित’ केला?

खिडकीतली
एका इंग्रजी आठवणवजा लेखाचं भाषांतर करतेय. १९७०च्या सुमाराचं दादर, घरात एकुलता एक आग्फा क्लिक कॅमेरा. मी लिहिलं, ‘बाबांनी रोल धुवायला टाकला आणि आठवडाभर आम्ही वाट बघत बसलो.’ संपादकांनी केलं, ‘बाबांनी चित्रफीत विकसित करण्यास दिली.’ वर समासात शेरा: ‘धुतात ते कपडे.’ अहो, चित्रफीत म्हणजे आता मोबाईलवरचा व्हिडिओ! उद्या प्रूफ परत द्यायचंय. ‘धुणे’ टिकवायला काही आधार आहे का?

मोरीकाठचा
आधार मीच. आमच्या परळच्या चाळीत वडील रात्री मोरीत डार्करूम मांडायचे. दाराच्या फटीत गोधडी कोंबायची, लाल बल्ब लावायचा आणि तीन थाळ्यांत कागद हलवत बसायचं. मे महिन्यात केमिकल तापायचं. ते हवं वीस अंशांच्या आसपास, म्हणून कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणायचं काम माझ्याकडे. शेवटचं धुणं वाहत्या पाण्यात, पण चाळीत पाणी यायचं पहाटे. एकदा नळ मध्येच गेला. मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो अर्धवट धुतलेलेच दोरीवर चिमट्याने टांगले. दोन वर्षांत नवरानवरी हळद उतरलीच नसल्यासारखे पिवळे! मावशी अजून ऐकवते, ‘तुझ्या बापाने नीट धुतले नाहीत.’ विकसित केले नाहीत, असं ती कधी म्हणाली नाही.

कानामात्रा
किस्सा छान, पण तो संपादकांच्याच बाजूचा आहे. धुणं हा शेवटचा टप्पा. फिल्मवर प्रकाश पडला तरी चित्र दिसत नाही, ते सुप्त असतं. डेव्हलपर नावाच्या रसायनात चांदीच्या क्षारांची काळी चांदी होते तेव्हा ते उमलतं. मग हायपो हे दुसरं रसायन उरलेले क्षार काढतं, आणि मग पाणी. उमलण्याला ‘विकसित’ म्हणण्यात काय चूक? विकास म्हणजे मुळात फुलणंच.

बोराबाजार
फुलणं पुस्तकात. रस्त्यावर विकास म्हणजे बिल्डर. फोर्टात आमच्या गल्लीत ‘रोल विकसित करून द्या’ म्हणालात तर दुकानदार तुम्हाला पुनर्विकासाच्या ऑफिसचा पत्ता देईल. आम्ही म्हणायचो ‘धुलाई-छपाई’. ‘कपडे धुतले’ म्हणताना तुम्ही भिजवणं, साबण, आपटणं, पिळणं वेगळं सांगता का?

कानामात्रा
‘धुलाई’ हिंदी आहे.

बोराबाजार
मुंबई कुठली आहे?

जुनीतसबीर
तुम्ही धुण्यावर भांडताय, मला ‘छायाचित्र’च खटकतं. ग्रीकमध्ये फोटो म्हणजे प्रकाश, मग आपण छाया कुठून आणली? खरा शब्द ‘प्रकाशचित्र’.

कानामात्रा
छाया आपण उगाच आणलेली नाही. फोटोग्राफीचा एक जनक, इंग्रज संशोधक टॅलबॉटने १८३९ मध्ये आपला शोध जाहीर केला तेव्हा ‘सावली पक्की करण्याची कला’ असंच म्हटलं होतं. ‘फोटोग्राफी’ हा शब्द हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच वर्षी रूढ केला. हायपोत चांदीचे क्षार विरघळतात हेही त्याच हर्शेलने १८१९ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे मोरीकाठच्यांच्या तीनातल्या एका थाळीचं श्रेय त्याचं.

जुनीतसबीर
बरं, सावली मान्य. पण आमची आजी भिंतीवरच्या आजोबांना ‘तसबीर’ म्हणायची आणि अल्बममधल्यांना ‘फोटो’. हार घातला की फोटोची तसबीर होते, असा माझा सिद्धांत.

गिरगावचापी
फोटो ‘काढतात’ की ‘खेचतात’? माझी मुलं ‘खेच ना’ म्हणतात, अंगावर काटा येतो. माझ्या मते ‘काढणे’ आलं ते जुन्या कॅमेऱ्यातून काचेची प्लेट बाहेर काढायचे, त्यावरून.

मोरीकाठचा
नाही हो. चित्र काढतो तसा फोटो काढतो, इतकं सरळ आहे. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या घरात चित्रं काढणारे काय कमी येत-जात असतील? (हे शेवटचं माझं अनुमान, पकडू नका.)

गिरगावचापी
पकडलंच. तुमच्याकडेही माझ्याइतकाच पुरावा.

बोराबाजार
कॅमेऱ्याचंच बघा ना. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. पोर्तुगीजांकडून ‘कमरा’ आला, इंग्रजांकडून ‘कॅमेरा’. सख्खी भावंडं! आणि ‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे बंद खोलीतली. तिचं ‘कॅमेऱ्यासमोर सुनावणी’ केलेलं मी डोळ्यांनी वाचलंय.

कानामात्रा
कमरा मराठीत कोण म्हणतं? आपली खोली.

बोराबाजार
मग डार्करूमला ‘काळोखी खोली’ म्हणणार?

मोरीकाठचा
आम्ही मोरीच म्हणायचो.

खिडकीतली
मंडळी, मावशीचं वाक्य संपादकांना कळवलं. ‘धुवायला’ राहिलं, ‘चित्रफीत’ही राहिली: ‘चित्रफीत धुवायला टाकली.’ आणि पुढच्या पानावर निगेटिव्ह आहेत. तिथे ‘नकारात्मके’ लिहून ठेवलंय.