निपाणी-चिकोडीत आधी कुठलं शटर उघडायचं: स्वस्त साखळीचं की मुख्य?

(चार जणांची चर्चा, टोपणनावांनी.)

खातेवही: चपला-बुटांच्या मोठ्या कंपन्या एकाच नावावर कधीच थांबत नाहीत. मेट्रोचंच बघा. 1955 साली मुंबईत एक दुकान. आज मेट्रो म्हणजे घरच्या सगळ्यांचं, सणालग्नाचं. मोची तरुण पोरापोरींसाठी. वॉकवे कमी किमतीचं. क्रॉक्सची दुकानं आणखी वेगळी. आता अशी एखादी साखळी बेळगावच्या बाहेर, म्हणजे निपाणी, चिकोडी, गोकाकला निघाली तर पहिलं शटर कुणाचं असावं? माझं मत सरळ आहे: स्वस्त साखळीचं. तालुक्याचं गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं, मग रंग. महाग, म्हणजे मुख्य साखळीचं दुकान दोन-तीन वर्षांनी आणा.

साईज आठ: अजिबात पटत नाही. 499 चा जोड असो की 1,999 चा, रॅकवर खोका तेवढीच जागा अडवतो आणि पोरगा दाखवायला तेवढाच वेळ घालवतो. हिशोब मांडा. 1,200 चौरस फूट, फुटाला 50 रुपये धरा, म्हणजे महिना 60 हजार भाडं. भाडं विक्रीच्या 12 टक्क्यांत बसवायचं तर महिन्याला 5 लाख विक्री हवी. सरासरी 500 चा जोड असेल तर 1,000 जोड, रोज 33. सरासरी 1,800 असेल तर रोज नऊ-दहा. ऐन आषाढात चिकोडीत रोज 33 जोड कोण नेणार? त्या किमतीत पॅरागॉन, व्हीकेसी ठेवणारा गल्लीतला दुकानदार बसलाय. त्याला ना एसी, ना गणवेशातली चार पोरं. वर तो दहा-वीस रुपये सोडतो.

शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 पर्यंतच्या जोडाला 5 टक्के जीएसटी. आधी हजाराच्या आत 12 आणि वर 18 होता. म्हणजे सगळ्यात जास्त सवलत मिळाली ती 1,000 ते 2,500 च्या मालाला. हा माल मुख्य साखळीचा, स्वस्त साखळीचा नव्हे.

निपाणीकर: कागदावर चालतंय की. पण ते नऊ-दहा जोड रोज येत नाहीत साहेब. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्ताला धरून येतात, उसाचं बिल खात्यावर पडलं की येतात, मध्ये दुकान झाडत बसायचं.

आणि खरी अडचण किमतीची नाही, मापाची आहे. पुरुषांच्या एका डिझाईनचा 12 जोडांचा सेट घ्या: 5 चा एक, 6 चे दोन, 7 चे तीन, 8 चे तीन, 9 चे दोन, 10 चा एक. पहिल्या आठवड्यात 7 आणि 8 संपतात. उरतो तुटका सेट. गिऱ्हाईक आठ नंबर मागतं, पोरगा नऊ घालून "आत सुकतळा टाकून देतो" म्हणतो, आणि गिऱ्हाईक उठतं. अशी 150 डिझाईनं म्हणजे 1,800 जोड. खरेदी जोडाला 700 धरली तरी साडेबारा लाखांच्या वर माल अडकला. बेळगावात दोन दुकानं असली तर टिळकवाडीतून खडेबाजारात जोड तासाभरात येतो. निपाणीत एकटं दुकान काय करणार?

खातेवही: कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर आहे, तिथून मागवा.

निपाणीकर: इथंच मुंबईची माणसं फसतात! नकाशावर कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. पण मध्ये राज्याची हद्द. कंपनी एकच असली तरी महाराष्ट्राचा जीएसटी नंबर वेगळा, कर्नाटकाचा वेगळा. कोल्हापूरहून आलेला प्रत्येक जोड म्हणजे आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी, लावून बिल. कर पुढे वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो आणि दोन जोडांसाठी कोणी बिल फाडत नाही. बेळगावहून तोच माल एकाच नंबरवर, नुसत्या डिलिव्हरी चलनावर, म्हणजे मालासोबतच्या चिठ्ठीवर, येतो. दोन्हीकडे 50 हजारांवर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल, आहेच. गिऱ्हाईकाला मात्र हद्द नाही. ते एसटीत बसून कोल्हापूर गाठतं. तेव्हा निपाणीच्या दुकानाची स्पर्धा कोल्हापूरशी आणि माल बेळगावचा, हे आधी डोक्यात घ्या.

साईज आठ: मग तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. आधी बेळगावात मुख्य साखळीची दोन दुकानं घट्ट करा, मग बाहेर. स्वस्त साखळी काढली की दुसरा रोग लागतो: मुख्य दुकानाचा न खपलेला माल तिकडे ढकलायचा. पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा बूट दोन-तीन पावसाळे खोक्यात राहिला की दमट हवेनं सोल आतून कुजतो. बाहेरून नवा कोरा. गिऱ्हाईक घालून चार पावलं चालतं आणि टाच भुग्यासारखी सुटते. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात तर विचारू नका. ईव्हीए (हलका फोम) आणि टीपीआर (रबरासारखा) सोलला हा त्रास नाही. माल उतरवताना खोक्यावरचा महिना-वर्ष बघा आणि टाचेत नख रोवा. चिकट लागलं किंवा बारीक चिरा दिसल्या तर तो जोड परत.

टाच: तिघंही कंपनीनं स्वतः दुकान चालवायचं धरून बोलताय. मेट्रोची पद्धत ती. बाटा छोट्या गावांत फ्रँचायझी देते. चिकोडीत तेच बरं: जागा स्थानिक मालकाची, भाड्याचा प्रश्न मिटला, आणि गिऱ्हाईकाशी तो मराठीत बोलतो नि कन्नडमध्येही. तोटा हा की असा मालक चालणारी मापंच मागवतो, नवीन डिझाईनला हात लावत नाही. पाट्याही आधीच नीट करून घ्या. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्याप्रमाणे 60 टक्के कन्नड, तेही वरच्या बाजूला. मुंबईहून लोगो छापून आलेला बोर्ड लावला की नोटीस आली म्हणून समजा.

आणि कोल्हापुरीच्या ढंगाची कारखान्याची चप्पल इथं दर्शनी रॅकवर लावू नका. कोल्हापुरीच्या जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) आठ जिल्ह्यांत बेळगाव आहे. याच जिल्ह्यातल्या अथणीची हातची चप्पल ओळखणारा माणूस शिवण बघूनच हसतो.

खातेवही: ठीक, सरसकट स्वस्त साखळी हा हट्ट सोडतो. पण शाळेचे काळे बूट? त्यात तरी स्वस्त दुकानच चालेल ना?

निपाणीकर: चालेल, माल वेळेवर आला तर. कर्नाटकाच्या शाळा मेअखेर उघडतात, महाराष्ट्राच्या जूनच्या मध्यावर. मुंबईचं गोदाम आपल्या कॅलेंडरनं गाडी सोडतं. इकडं पोरं तोवर पंधरा दिवस शाळेत जाऊन आलेली असतात, नि बूट गल्लीतल्या दुकानातून घेतलेले असतात. वीस मेच्या आत 1 ते 5 नंबर रॅकवर लागणार असतील तर बोला.