मदत हवी आहे : ‘साभार पोच’ आली, आता परीक्षणासाठी काय करावं?

माझी पहिली कादंबरी दिवाळीनंतर आली. लातूरला छोटेखानी प्रकाशन समारंभ झाला, भाषणंही बरी झाली. पुढे मात्र सामसूम. प्रकाशक लहान आहेत, आवृत्ती पाचशे प्रतींची. परीक्षणार्थ प्रती पाठवणं त्यांनी माझ्यावरच सोपवलंय.

‘ललित’, ‘साधना’ आणि मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकांकडे पत्रासह प्रत्येकी दोन प्रती पोस्टाने पाठवल्या. एका दैनिकालाही पाठवलं होतं, त्याच्या रविवार पुरवणीत ‘साभार पोच’, म्हणजे पुस्तक मिळाल्याची नोंद, छापून आली: नाव, पृष्ठं, किंमत, बस्स. ‘छान झालीये’ म्हणणारे मित्र भरपूर, पण त्यातल्या निम्म्यांनी पुस्तक उघडलं असेल की नाही, शंकाच आहे! मला टीकाही चालेल, कुणीतरी नीट वाचून केलेली.

पैसे देऊन परीक्षण लिहून घ्यायचं नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्या सरांनाही पुन्हा गळ घालायची नाही, ते बरं दिसत नाही. पुण्या-मुंबईला खेपा घालणं नोकरीमुळे जमणार नाही. राज्य पुरस्काराच्या प्रवेशिकेचं प्रकाशक बघताहेत, तो प्रश्न नाही.

ज्यांनी संपादन किंवा समीक्षा केली आहे त्यांनी कृपया सांगावं: पोच छापली म्हणजे त्या पुरवणीपुरता विषय संपला असं समजायचं का? संपादकांना फोन करून विचारणं आगाऊपणाचं ठरतं का? आणि ओळख नसलेल्या समीक्षकाला लेखकाने थेट प्रत पाठवली, तर तो परीक्षण स्वतःहून नियतकालिकाकडे देतो, की आधी संपादकांनी त्याला सांगावं लागतं?