मदत हवी आहे: जुन्या डिशवर फ्री डिश लावतोय, सिग्नल ९०, क्वालिटी शून्य

नमस्कार मंडळी,

मुलुंडला राहतो. इमारत सात मजली, आमचं घर तिसऱ्यावर. आई दिवसभरात बघते काय, तर सह्याद्री, बातम्या आणि दुपारी एखादा जुना हिंदी सिनेमा. तेवढ्यासाठी दर महिन्याला रिचार्ज मारायचा आता वैताग आलाय. गेल्या महिन्यात पॅक संपला तेव्हा कंपनीनं न विचारता दुसराच महागडा पॅक गळ्यात मारला. म्हटलं बास. गच्चीवर डिश आहेच, तीच डीडी फ्री डिशकडे (दूरदर्शनची बिनरिचार्जची सेवा) वळवू.

लॅमिंग्टन रोडवरून बॉक्स आणला. दुकानदार म्हणाला, "काही नाही हो, वायर जोडायची, लागतं." शनिवारी सकाळी लहान टीव्ही, एक्स्टेंशन बोर्ड आणि पुतण्या असा सगळा लवाजमा गच्चीवर नेला. दोन तास खटपट केली. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात: सिग्नल ९०, क्वालिटी ०. डिश कुठेही फिरवा, ९०. पुतण्या डिशसमोर आडवा उभा राहिला तरी ९०!

डिश नेमकी कुठे वळवायची? जुना एलएनबी (डिशसमोर दांड्यावर असतो तो डबा) चालतो का? शेजारचे काका म्हणतात, ती डिश भंगारात द्या आणि माणूस बोलवा. पण आता इरेला पेटलोय.

— मुलुंडचा_मुक्काम

अँटेनावाला:
सिग्नलच्या पट्टीकडे बघूच नका. एलएनबीला वीज पोचतेय आणि वायर तुटलेली नाही, एवढंच ती सांगते. एलएनबी नुसती खरखर वाढवून खाली पाठवतो, तरी ती ९० दाखवते. उपग्रह सापडला की नाही ते क्वालिटीवरून कळतं, आणि तुमचा सापडलेला नाही.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. मुंबईतून तो आग्नेयेला आहे, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं मोजलं तर साधारण १३१ अंशांवर, आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर. तुमची डिश ८३ अंशांच्या उपग्रहावर लावलेली असेल (मुंबईच्या गच्च्यांवर अशा ढिगानं आहेत), तर ती पूर्वेकडे वीसेक अंश फिरवून सातेक अंश खाली आणायची. वीस अंश मोजायचे कसे? हात समोर ताठ धरून मूठ वळा. एका मुठीची रुंदी म्हणजे साधारण दहा अंश. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि डिशच्या आताच्या दिशेपासून दोन मुठी डावीकडे.

आणखी एक. या डिश ऑफसेट असतात. तोंड समोरच्या टाकीकडे दिसत असलं तरी डिश बघत असते त्याच्या वीस-पंचवीस अंश वर. त्यामुळे "टाकी आड येतेय" असं लगेच ठरवू नका. मोबाइलचा कंपास मात्र लोखंडी पाइपपासून चार पावलं लांब जाऊन बघा, जवळ तो खुशाल खोटं बोलतो.

गिरगावचा_बाब्या:
एलएनबीवरचा स्टिकर वाचा. ९७५०/१०६०० लिहिलेलं असेल तर युनिव्हर्सल आहे, चालेल. बॉक्समध्येही तेच निवडा. ट्रान्सपॉंडर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकून क्वालिटीची पट्टी उघडी ठेवा. एकानं डिश हलवायची, दुसऱ्यानं पट्टी बघायची. केसभर हलवा, तीन सेकंद थांबा, बॉक्सला लॉक व्हायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवलं की उपग्रह येऊन जातो आणि कळतही नाही. क्वालिटी आली की एलएनबी त्याच्या पकडीतच थोडा थोडा गोल फिरवा. मुंबईत तो बराच कलता ठेवावा लागतो.

कनेक्टर काढता-घालताना आधी बॉक्सचं बटण बंद! त्या वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वर जातात. वायरीच्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकली तरी बॉक्सचा ट्यूनर जाऊ शकतो. माझा गेलाय.

बॉक्स एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चाच आहे ना? एमपीईजी-२ वाल्यावर काही वाहिन्या दिसतच नाहीत.

(गंमत म्हणजे आमच्या चाळीत एकेकाळी सगळे अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून असायचे. १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हापासून गच्चीवर चढून "आलं का? आलं का?" ओरडणं हा आमचा खानदानी धंदा.)

मुलुंडचा_मुक्काम:
बॉक्स एमपीईजी-४ चा, एलएनबी ९७५०/१०६०० चा. दोन मुठींचा हिशोब करून फिरवली आणि क्वालिटी ७० आली! म्हणजे ११०९० वर शून्यच होती, पण ब्लाइंड स्कॅन (बॉक्स आपणहून सगळ्या फ्रिक्वेन्सी धुंडाळतो तो) मारल्यावर कुठल्या तरी फ्रिक्वेन्सीवर आली. भराभर चॅनलची यादी भरली, पुतण्या नाचला. पण एकही उघडत नाही. सगळ्यांपुढे डॉलरचं चिन्ह आणि काळा पडदा. बॉक्स गंडलाय का?

अँटेनावाला:
बॉक्स ठणठणीत आहे, घर चुकलंय. ९५ अंशांवर पैसेवाल्या डीटीएचचा उपग्रह आहे, फ्री डिशपासून जेमतेम दीड अंशावर. नवीन माणूस हमखास तिथे अडकतो. ब्लाइंड स्कॅन जे सापडेल ते गोळा करतो, म्हणून पहिल्यांदा तो मारायचा नाही. परत ११०९० ची पट्टी उघडा, डिश दक्षिणेकडे दोन अंश सरकवा (हात ताठ धरून एका बोटाची रुंदी) आणि अंशभर वर उचला.

पावसाळी_बेडूक:
लागली की लगेच नट आवळून टाका, पण आळीपाळीनं. एकच बाजू आवळली तर डिश तेवढ्यात हलते. बाहेरच्या कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप आणि वायरीला एलएनबीखाली एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली ठिबकतं. जुलैच्या मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणार, या डिश ज्या लहरींवर चालतात (केयू बँड), त्यांना पावसात इलाज नाही. तेव्हा डिश हलवायला वर जाऊ नका, पाऊस ओसरला की आपोआप येतं.

आणि खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं दिल्या जातात, त्यामुळे आज दिसतेय ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आईंना आधीच सांगून ठेवा.

मुलुंडचा_मुक्काम:
लागली!! ११०९० वर क्वालिटी ७४, एलएनबी फिरवल्यावर ८१. खरंच एका बोटाचा फरक होता. सह्याद्री स्वच्छ दिसतंय. नट आळीपाळीनं आवळले, तरी ८१ चे ७९ झाले, चालेल.

खाली येऊन टीव्ही लावला तर आईला यादीत आकाशवाणीचे रेडिओ चॅनल सापडले. सकाळपासून तेच चालू आहे, पडदा काळा आणि आई भाजी निवडत ऐकतेय. सिनेमाचं नावही नाही.

आता एकच राहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, गच्चीवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत वायर बाहेरून लोंबकळता कामा नये, डक्टमधून न्या. मध्ये जोड न देता साधारण तीस मीटर आरजी-६ (डिशची जाड वायर) लागेल. एवढ्या लांबीनं क्वालिटी पडेल का?

गिरगावचा_बाब्या:
तीस मीटरला काही होत नाही. फक्त वायर कॉपरची घ्या आणि डक्टमध्ये काटकोनात मोडू नका.